चाळीस सेकंदांचा सूर

भाची: ...म्हणून म्हणते आत्या, सही करून टाक. नऊ ओळींचा कागद आहे, आणि गेले तीन दिवस तू त्याच्यावर चहाचा कप ठेवतेयस.

आत्या: कप ठेवायला छान आहे कागद. जाड आहे. चॅनेलवाल्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी जाडजूड दिलंय.

भाची: चेष्टा पुरे. बाराला त्यांच्या साहेबांचा फोन येणार आहे. काय सांगणार आहेस त्यांना?

आत्या: ते अकराला काय होतंय त्यावर ठरेल. हा दांडा जरा डावीकडे घे गं. तुझ्या दातांच्या दवाखान्यातून आणलायस ना? त्याच्यासमोर व्हायोलिन घेऊन बसले की वाटतं, आता कोणीतरी 'मोठ्ठा आ करा' म्हणणार.

भाची: वरचा दिवा काढून ठेवलाय. फोन घट्ट बसतो त्याच्यावर, हलत नाही. आणि विषय बदलू नकोस. त्यांचं म्हणणं काय वाईट आहे? टीव्हीवरचा तुझा कार्यक्रम बंद पडला, कारण लोक आता गाणंबजावणं फोनवरच बघतात. तर तुझी जुनी रेकॉर्डिंग ते फोनवर दाखवणार. दर रविवारी, अकराला, तुझ्याच वेळेला. तू आपली पाय पसरून बस.

आत्या: आणि चित्राच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत काय लिहिणार? वाच की. सातवी ओळ.

भाची: 'थेट'.

आत्या: अकरा वर्षांपूर्वीची मी, काळ्याभोर केसांची, आणि कोपऱ्यात 'थेट'! आता आठवी वाच.

भाची: त्या वेळेत तू दुसरीकडे कुठेही वाजवायचं नाही.

आत्या: म्हणजे माझ्या वेळेला माझं भूत वाजवणार आणि मी जिवंत असून गप्प बसायचं. वा रे वा!

भाची: अगं पण गेल्या रविवारचं विसरलीस का? पहिल्यांदाच ऑनलाइन बसलो आपण. तीनशे चाळीस माणसं आली होती, मी बघत होते आकडा. तू वाजवायला लागलीस आणि मिनिटाच्या आत निम्मी पळाली. शेवटी एकोणीस उरली. त्यातली एक मी, दुसरी माझ्या दवाखान्यातली मदतनीस. तिला मीच बसवलं होतं.

आत्या: विसरेन कशी? आठ दिवस तेच चाललंय डोक्यात.

भाची: मला नाही गं बघवत तुझी अशी फजिती. चॅनेलवर तुला कोणी कधी असं सोडून गेलं नव्हतं.

आत्या: टीव्हीवर जाणारा दिसत नव्हता, एवढंच. बेल वाजतेय बघ. उघड. मीच बोलावलंय.

भाची: कोणाला? अरे, काका! या या. आत्या, तुझे साउंडवाले काका आलेत.

काका: जिन्याने आलो. त्या लिफ्टचं दार बघितलंत का बाई? बंद होताना तोफ डागल्यासारखं आपटतं. ज्याने बसवलं त्याला कान नसणार.

आत्या: निवृत्त झालात तरी कान काही घरी ठेवत नाही तुम्ही. बसा. सव्वीस वर्षं स्टुडिओत काचेपलीकडे बसून माझा आवाज सांभाळलात. आता एकदा या पोरीच्या फोनकडे बघा.

काका: फोनचं मला काही कळत नाही, आधीच सांगतो. माझ्याकडे आहे तो साधा, बटणांचा. त्याच्यावर फक्त बायको बोलते.

आत्या: फोन नका बघू. फक्त ऐका. गेल्या रविवारचं राहिलंय ना गं तुझ्याकडे? लाव. आणि त्यांना तो मोठा हेडफोन दे.

भाची: काका, नेट गेलं होतं त्या दिवशी. लोकांनी खाली लिहिलंय पण. 'आवाज नाही', 'काही ऐकू येत नाही', 'हॅलो हॅलो'. मग सगळे गेले.

काका: शू. लाव आधी.

आत्या: त्यांना मध्ये बोललेलं चालत नाही. एकदा मंत्र्यांना गप्प केलंय त्यांनी.

काका: पहिल्यापासून लाव परत. हं. बाई, तुम्ही सुरुवात नेहमीसारखीच केलीत? एक लांब सूर?

आत्या: नेहमीसारखीच. चाळीस सेकंद. एकच गज, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत, जोड कळू न देता.

काका: इथे काही नाही. गज चाललाय, दिसतोय मला, पण सूर नाही. मग एकदम तुमचा जलद तुकडा सुरू होतो, तो स्वच्छ येतो. पुन्हा लांब सूर आला की पुन्हा गायब.

भाची: तेच म्हणतेय ना मी, नेट.

काका: पोरी, नेट का काय ते गेलं तर चित्र थांबेल की नाही?

भाची: थांबतं. अडकतं.

काका: चित्र तर छान चाललंय. बाईंच्या कपाळावरची बट हलतेय. का हलतेय ती?

भाची: पंखा चालू होता. उकडत होतं तिला.

काका: मग पंख्याचा आवाज कुठे गेला?

भाची: म्हणजे?

काका: हा असा घरघरणारा पंखा डोक्यावर, खाली रस्ता, पलीकडे लिफ्टची तोफ, आणि मला ऐकू येतेय मेलेली शांतता. पस्तीस वर्षं खोल्या ऐकतोय मी. एवढी शांत खोली जगात नसते. कोणीतरी झाडू मारलाय. जो एकसारखा चालू राहतो तो आवाज त्याला कचरा वाटतोय. त्याने पंखा झाडला, आणि बाईंचा सूरही पंखा समजून झाडला.

आत्या: काय सांगताय?

काका: जलद वाजवलंत ते नाही झाडलं. ते हलतं, बदलतं. लांब सूर मात्र पंख्यासारखा एकसारखा. तुमचा तर जरा जास्तच एकसारखा असतो. तीच पंचाईत झाली.

भाची: थांबा. थांबा हां एक मिनिट. सेटिंगमध्ये एक आहे... 'मागचा गोंगाट काढा'. देवा! हे मीच चालू केलं होतं.

आत्या: तू?

भाची: मीच गं. दिवसभर दवाखान्यात ते मशीन कानाशी किर्र किर्र करतं ना, मला वाटलं तुझं तरी स्वच्छ जावं. चांगलं दिसलं म्हणून दाबलं. आत्या, मीच तुझा सूर पुसला! आणि वर तीन दिवस तुलाच सांगतेय, सही कर, घरी बस.

आत्या: रडू नकोस. ए, रडू नकोस म्हणते ना. मला हसू येतंय उलट. तुला माहितेय का, मी आठ दिवस काय करत होते? हा उजवा हात बघत होते. सकाळी उठले की समोर धरायचा आणि बघायचं. मला वाटलं, हात गेला. गज थरथरला असणार, लोकांनी ऐकलं असणार आणि उठून गेले असणार. तुला सांगायचीही लाज वाटली.

काका: म्हणून मला बोलावलंत.

आत्या: म्हणून बोलावलं. दुसरा कोणी खरं सांगणार नाही.

भाची: बरं, आता सोपं आहे. हे बंद करते. बघा, बंद. काका, आता आपण तिघांनी बोलून बघू आणि ऐकू. हं, ऐका.

काका: हरे राम. हे काय आहे? पंखा, रस्त्यावरचे हॉर्न, वरती कोणीतरी फर्निचर ओढतंय, नळ, आणि एक कुत्रं. हे सगळं बाहेर जाणार?

भाची: झाडू बंद केला की सगळंच जाणार.

काका: नाही चालणार.

आत्या: काय नाही चालणार?

काका: बाई, स्टुडिओत माशी आली तर मी कार्यक्रम थांबवायचो. माशी! आणि आता तुमच्या सुराखाली नळ वाहू देऊ? मी बसलेलो असताना?

भाची: मग असं करू या का? झाडू चालू ठेवायचा आणि आत्या, तू लांब सूर नाही वाजवायचे. जलद तुकड्यानेच सुरुवात कर. लोकांना तसंही हल्ली पहिल्या पाच सेकंदांत काहीतरी लागतं.

काका: पोरगी बरोबर बोलतेय.

आत्या: अहो, तुम्ही? तुम्ही असं म्हणता?

काका: मी आवाजाचा माणूस आहे. आवाज स्वच्छ गेला पाहिजे.

आत्या: तो सूर कुठून आला, सांगू का हिला? की तुम्ही सांगता?

काका: जाऊ द्या ते.

आत्या: का जाऊ द्या? ऐक गं. माझा पहिला रविवार. थेट कार्यक्रम, लाल दिवा लागला, आणि यांची माइकची पातळी लावायचीच राहिली होती. काचेपलीकडून हातवारे चाललेत, एकच धरा, धरून ठेवा, सोडू नका! मी आपली एक सूर धरून बसले. हे घामाघूम होऊन बटणं फिरवतायत. चाळीस सेकंदांनी मान हलवली यांनी, तेव्हा मी पुढे गेले. मला वाटलं, संपलं आपलं, पुढच्या रविवारी कोणी बोलावणार नाही. तर पत्रं आली! सुरुवातीचा तो सूर फार आवडला म्हणून. यांच्या चुकीतून आला आणि मग दर रविवारी राहिला.

काका: चूक म्हणू नका. गडबड झाली होती.

आत्या: तुमची गडबड मी सव्वीस वर्षं निगुतीने वाजवली. आता हा फोन म्हणतो तो कचरा आहे, आणि तुम्ही मान डोलावता? ते काही नाही. सूर राहणार. झाडू बंद राहणार.

भाची: आणि नळ? कुत्रं?

आत्या: पंखा बंद करू, खिडक्या लावू. नळ बघून ये. बाकी येईल ते येऊ दे. स्टुडिओ माझ्याकडे नाही आता, घर आहे. घरातून वाजवते तर घर ऐकू येईल. मी काय लपून वाजवतेय का?

काका: पस्तीस वर्षांची माझी इज्जत घालवणार तुम्ही.

आत्या: तुमचं नाव नाही टाकत कुठे. घाबरू नका.

काका: घाबरतंय कोण! ती माइकची काठी द्या इकडे. एवढी लांब कोणी ठेवतं का? जवळ आणली की कुत्रं मागे जातं. आणि बाई, खुर्ची त्या गाद्यांच्या कपाटाकडे घ्या. दार उघडं टाका त्याचं. गाद्या गोंगाट खातात, सूर नाही खात.

आत्या: हां, आता कसं बोललात.

काका: आणि पोरी, बाहेरच्या खोलीत दुसऱ्या फोनवर मला ऐकव. जे लोकांना जातं तेच. मी बघतो काय जातंय ते.

भाची: ऐकवते. पण इथे वाजलेलं तिथे वीस सेकंदांनी येतं हां.

काका: वीस सेकंद? आम्ही डोळा मिटायच्या आत घराघरांत पोचवायचो. मग थेट कसलं हे!

आत्या: भांडण मग करा. केस नीट आहेत ना माझे? पांढरे दिसले तरी चालतील, उभे नकोत.

(अकराला एक मिनिट कमी. आत्या आत, दार बंद. भाची आणि काका बाहेरच्या खोलीत एका फोनवर वाकलेले, कुजबुजत.)

भाची: शहाण्णव जण आहेत. गेल्या वेळी तीनशे चाळीस होते.

काका: शहाण्णव म्हणजे स्टुडिओतल्या खुर्च्यांच्या दुप्पट. गप्प बस.

भाची: अकरा. तिने सुरू केलं. दारातून ऐकू येतंय मला.

काका: मलाही. या फोनमध्ये अजून नुसत्याच बसल्यात.

भाची: वीस सेकंद, म्हटलं ना. झाडू बंदच आहे ना? पुन्हा आपोआप चालू झाला असेल तर? कधीकधी होतं तसं.

काका: आता सांगतेस?

भाची: कोणीतरी लिहिलंय, 'आजही आवाज नाही'. तिघं गेले. त्र्याण्णव. काका, मी जाऊन बघू का?

काका: जागची हलू नकोस. आतमध्ये सूर चाललाय. दार उघडलंस तर तुझे दात पाडीन आणि तुलाच बसवायला लावीन.

भाची: दहा सेकंद झाली. बारा.

काका: काय वाजवतायत बघ. मी हा सूर काचेआडूनच ऐकला गं कायम, तारेतून आलेला. दारातून आज पहिल्यांदा ऐकतोय.

भाची: अठरा. गज उचललेला दिसतोय. टेकवला.

काका: आला.

भाची: आला? खरंच आला?

काका: हे घे, एक कान तुझा. ऐक.

भाची: आला! अगं आई गं, आला. काका, तुम्ही...

काका: डोळ्यात काहीतरी गेलंय. गाद्यांची धूळ असणार. आकडा बघ तू.

भाची: त्र्याण्णव. नव्वद. नव्वदच. हलत नाहीये. ओ काका! लिफ्ट!

काका: मेलो! तोफ! बरोबर सुरावर! कोण चढतंय ते रविवारचं!

भाची: तिने सोडला का सूर?

काका: नाही. ऐक. नाही सोडला. चाळीस कधीच होऊन गेली, अजून धरलाय. लिफ्टचा आवाज विरेपर्यंत धरणार त्या. ही बाई ना... काप! कापता येतं का ते? अजून बाहेर पोचलं नसेल, वीस सेकंद आहेत ना हातात! पुस ती तोफ!

भाची: नाही येत, काका. निघालं ते निघालं. आपल्याला फक्त उशिरा ऐकू येतंय. परत नाही घेता येत.

काका: परत घेता येत नाही?

भाची: नाही.

काका: मग हे थेटच आहे.

भाची: आता पोचेल बघा. पाच, चार, तीन... धाडकन. गेली जगभर आपली लिफ्ट.

काका: काय लिहितायत लोक? वाच. मला चष्मा नाही.

भाची: एकाने लिहिलंय, 'बापरे'. एक म्हणतो, 'आमची लिफ्टपण अशीच आहे'. एक बाई, 'आमचं बाळ दचकलं, मग परत ऐकायला लागलं'. आणि हे... 'गेल्या आठवड्यात हा सूर आलाच नव्हता. टीव्ही बंद झाल्यापासून वाट बघत होते. बंद करू नका'.

काका: हे पुन्हा वाच.

भाची: 'वाट बघत होते. बंद करू नका'.

काका: आता काही वाचू नकोस. ऐकू दे मला.

भाची: काका, संपलं. अठ्ठावन्न मिनिटं झाली. अठ्ठ्याऐंशी जण शेवटपर्यंत होते. आत्या! दार उघड! अठ्ठ्याऐंशी!

आत्या: आकडा तुझ्याकडे ठेव. आधी मला सांगा, सूर पोचला का?

काका: पोचला. लिफ्टसकट पोचला.

आत्या: ऐकलं मी ते. मनात म्हटलं, आता मी सोडला तर लिफ्टच लक्षात राहील लोकांच्या.

भाची: मी कधी म्हणजे कधी तुला सही कर म्हणणार नाही पुन्हा. पण तू ठरव. दोनच मिनिटं राहिलीत बाराला.

आत्या: काका, खोटं बोलू नका. हात थरथरतो का माझा?

काका: थरथरतो.

भाची: काका!

काका: विचारलंय त्यांनी. शेवटी शेवटी, ती लिफ्ट झाल्यावर, पाच-सात सेकंद. कळतं. मला कळलं, ज्याला कान आहेत त्या कोणालाही कळेल. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तसं नाही. तिथे सूर दोरीसारखा सरळ आहे.

आत्या: हं. मला हातात कळलंच होतं. म्हणजे झाडूने माझी लाज राखली होती म्हणायची.

काका: तसं नव्हतो म्हणत मी.

आत्या: मग कसं?

काका: मला बोलता येत नाही धड. मी नुसता ऐकतो. तो थरथरला, तेव्हा मी हेडफोन काढला नाही. एवढंच सांगता येईल.

भाची: फोन वाजतोय. चॅनेलचेच आहेत. आत्या, मी सांगू का, तू थकलीयस म्हणून? उद्या बोलेल म्हणून?

आत्या: थकलेय. पण उद्यावर कशाला? दे इकडे. हॅलो. हो, मीच बोलतेय, साहेब. कागद मिळाला, छान आहे. नाही, सही नाही करणार. अहो, नाही, रागबिग काही नाही. जुनी रेकॉर्डिंग दाखवा की खुशाल, फक्त 'थेट' तेवढं लिहू नका. आणि वेळ दुसरी बघा एखादी. का म्हणजे? रविवारी अकराला मी कामावर असते.